एकावर एक रचलेल्या बॅटरी-मॉनिटर चिपना पत्ते कसे द्यावेत: बीक्यू७९६१६ साखळीची सविस्तर पद्धत

विजेवर चालणाऱ्या गाडीच्या किंवा मोठ्या ऊर्जासाठ्याच्या बॅटरी पॅकमध्ये डझनावारी सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि एकच मॉनिटर चिप त्या सगळ्यांचे व्होल्टेज मोजू शकत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू७९६१६ ही चिप जास्तीत जास्त १६ सेल सांभाळते. ४८ सेलचा पॅक असेल तर अशा ३ चिप लागतात आणि प्रत्येक चिप आपल्या खालच्या चिपपेक्षा सुमारे ६० ते ६७ व्होल्ट वरच्या पातळीवर बसलेली असते. त्यामुळे सगळ्यांना एकाच साध्या बसवर (सामाईक संदेश-तारांवर) समांतर जोडता येत नाही. त्याऐवजी एका चिपमधून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत, अशी डेझी चेन केली जाते आणि दोन चिपमधल्या तारांच्या जोडीत कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मर घालून व्होल्टेजचा फरक अडवला जातो.

कारखान्यातून आलेल्या या तिन्ही चिप हुबेहूब सारख्या असतात. त्यांच्यात वेगळेपण असते ते फक्त साखळीतल्या जागेचे, आणि पत्ता देण्याची, म्हणजे प्रत्येक चिपला ओळखीचा क्रमांक देण्याची, सारी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे. ही पद्धत चुकली तर पॅक बंद पडतो, हा त्यातला सौम्य परिणाम होय. गंभीर परिणाम असा की वाचन व्यवस्थित येते, सीआरसी (संदेश वाटेत बिघडला नाही ना हे तपासणारा आकडा) जुळतो, आकडेही पटण्याजोगे असतात, पण ते दुसऱ्याच मॉड्यूलचे, म्हणजे दुसऱ्या चिपच्या ताब्यातल्या सेल-गटाचे, असतात. मग बॅलन्सिंग (सेलची व्होल्टेज एकसारखी करण्याचे काम) भलत्याच सेलवर चालू होते आणि ज्या सेलला खरोखर सांभाळायचे होते तो तसाच राहतो. म्हणून या लेखात पत्ते देण्याइतकाच भर दिलेले पत्ते तपासण्यावर दिला आहे.

उदाहरणासाठी अशी रचना घेऊ: मायक्रोकंट्रोलर, त्याला यूआर्टने (एकेक बिट पाठवणाऱ्या साध्या जोडणीने) जोडलेली बीक्यू७९६०० ही मायक्रोकंट्रोलर आणि साखळी यांना जोडणारी ब्रिज चिप, आणि तिच्यापुढे बीक्यू७९६१६ च्या ३ चिप. ब्रिजचा पत्ता ०, आणि पुढे १, २, ३. ब्रिज न वापरता सर्वांत खालची बीक्यू७९६१६ थेट मायक्रोकंट्रोलरला जोडली तर तीच ० क्रमांकाची बेस चिप होते. त्या रचनेत जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

आधी फ्रेमची ओळख

खालचे सर्व बाइट हेक्स (१६ वर आधारित) पद्धतीत दिले आहेत. दहा ते पंधरा या किमतींसाठी ए ते एफ ही अक्षरे वापरली आहेत, म्हणजे "डी०" हा एक बाइट आणि "०एफ" हा दुसरा. रजिस्टरचे, म्हणजे चिपमधल्या छोट्या स्मृती-कप्प्यांचे, पत्तेही हेक्समध्येच आहेत.

फ्रेम म्हणजे एका आज्ञेचे किंवा उत्तराचे सगळे बाइट मिळून झालेला संदेश. आज्ञेच्या फ्रेममधला पहिला बाइट आज्ञेचा प्रकार सांगतो. एकाच चिपकडून वाचायचे असेल तर तो ८० ने सुरू होतो आणि एकाच चिपमध्ये लिहायचे असेल तर ९० ने. ब्रिज किंवा बेस वगळून बाकी साखळीकडून वाचण्यासाठी ए०, साखळीत लिहिण्यासाठी बी०, सर्वांकडून वाचण्यासाठी सी० आणि सर्वांना लिहिण्यासाठी डी० वापरतात. उलट दिशेने सर्वांना लिहिण्यासाठी ई० आहे, त्याचे काम शेवटी येईल. लिहिताना या बाइटच्या शेवटच्या तीन बिटांत "डेटाचे बाइट वजा एक" ही संख्या भरतात, त्यामुळे एकच बाइट लिहायचा असेल तर तिथे शून्य राहते. यानंतर चिपचा पत्ता येतो, पण तो फक्त एकाच चिपसाठीच्या आज्ञेत. सर्वांसाठीच्या किंवा साखळीसाठीच्या आज्ञेत तो बाइट नसतोच. पुढे रजिस्टरचा दोन बाइटचा पत्ता, मग डेटा आणि शेवटी दोन बाइटचा सीआरसी.

सीआरसी हा १६ बिटांचा आयबीएम प्रकारचा असून त्याची सुरुवातीची किंमत एफएफएफएफ आहे. मॉडबस ही यंत्रांच्या संवादाची पद्धत ज्यांनी हाताळली आहे त्यांना हेच गणित ओळखीचे वाटेल. खालचा बाइट आधी पाठवतात, वरचा नंतर. स्वतःचे फंक्शन बरोबर आहे का हे पाहण्यासाठी "डी० ०३ ०९ ०१" हे चार बाइट त्याला द्यावेत, उत्तर "०एफ ७४" यायला हवे. हे जुळल्याशिवाय प्रत्यक्ष चिपला हात लावू नये, कारण सीआरसी चुकलेली फ्रेम चिप अमलात आणत नाही आणि मग बिघाड तारांत आहे की गणितात, हे शोधण्यात दिवस जातो.

पायरी पहिली: साखळी जागी करणे

ब्रिजला जागे करण्यासाठी मायक्रोकंट्रोलरने आपली पाठवण्याची तार सुमारे २.७५ मिलिसेकंद खाली धरावी लागते. मान्य मर्यादा २.५ ते ३ मिलिसेकंद आहे. ब्रिज नसलेल्या रचनेत बेस चिपसाठी हीच मर्यादा २ ते २.५ मिलिसेकंद आहे. दोन्हींचे आकडे एकमेकांना चिकटून असल्यामुळे एका प्रकल्पातला कोड दुसऱ्यात जसाच्या तसा उचलला की घोटाळा होतो.

या चिपचा यूआर्ट १ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने चालतो. त्या वेगाने शून्याचा एक बाइट पाठवला तर तार जेमतेम ९ मायक्रोसेकंद खाली राहते, म्हणजे जागे करण्यासाठी तो निरुपयोगी आहे. दोन मार्ग आहेत. एक, ती पिन तात्पुरती साधी आउटपुट पिन करून टायमरने खाली धरणे. दुसरा, बॉड रेट (बिट पाठवण्याचा वेग) काही क्षण सुमारे ३,२७० वर आणून शून्याचा एक बाइट पाठवणे. सुरुवातीचा बिट आणि आठ डेटा बिट असे नऊ बिट मिळून जवळपास २.७५ मिलिसेकंद होतात. मला पहिला मार्ग अधिक भरवशाचा वाटतो, मात्र पिन परत यूआर्टकडे सोपवताना तिच्यावर क्षणभरही खोटा खळगा उमटत नाही ना, हे ऑसिलोस्कोपवर एकदा पाहून घ्यावे. त्या खळग्याला चिप सुरुवातीचा बिट समजते आणि पहिली खरी फ्रेम वाया जाते.

ब्रिज जागी झाल्यावर सुमारे ३.५ मिलिसेकंद थांबावे आणि मग तिला पुढच्या साखळीला उठवायला सांगावे. त्यासाठी कंट्रोल१ रजिस्टरमध्ये, म्हणजे ०३०९ मध्ये, २० ही किंमत लिहितात. पूर्ण फ्रेम अशी:

९० ०० ०३ ०९ २० १३ ९५

ब्रिज पहिल्या चिपला जागे होण्याचा टोन पाठवते, ती जागी झाल्यावर दुसरीला पाठवते, आणि असे वरपर्यंत चालते. ही वाट एकेका चिपने पुढे सरकत असल्याने थांबण्याचा काळ चिपच्या संख्येने गुणावा लागतो. प्रत्येक चिपमागे १२ मिलिसेकंद धरावेत, म्हणजे तीन चिपसाठी ३६. दोन चिपवर चाचणी घेऊन ठरवलेला ठरावीक थांबा कोडमध्ये राहून जातो आणि बारा चिपचा पॅक आला की वरच्या चिप "कधी सापडतात, कधी नाही" अशी तक्रार सुरू होते. थांबा नेहमी संख्येवरून काढावा.

पायरी दुसरी: साखळीची लय जुळवणे

प्रत्येक चिपच्या आत येणाऱ्या संदेशाशी आपली वेळ जुळवून घेणारे सर्किट असते. त्याला जम बसावा म्हणून आठ निरुपयोगी रजिस्टरांत, ०३४३ पासून ०३४ए पर्यंत, साखळीसाठीच्या आज्ञेने एकेक करून शून्य लिहितात. पहिली आज्ञा "बी० ०३ ४३ ००" अशी सुरू होते आणि शेवटची "बी० ०३ ४ए ००" अशी, दोन्हींच्या पुढे अर्थातच सीआरसी. या लिखाणाने चिपच्या कामात काहीही बदलत नाही, म्हणूनच ते गाळण्याचा मोह होतो. टेबलावर आखूड तारांनी जोडलेल्या बोर्डांवर ते गाळूनही सगळे चालल्यासारखे दिसेल. तरीही ते ठेवावे. आठ छोट्या फ्रेमना मिळून एक मिलिसेकंदही लागत नाही.

पायरी तिसरी: पत्ते वाटणे

सर्वप्रथम सर्वांना एकाच वेळी कळवायचे की आता पत्ते येणार आहेत. त्यासाठी कंट्रोल१ मधला सर्वांत खालचा बिट १ करतात:

डी० ०३ ०९ ०१ ०एफ ७४

यानंतर पुढच्या दिशेच्या पत्त्याच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे ०३०६ मध्ये, क्रमाने ०, १, २, ३ लिहितात. या चारही आज्ञा "सर्वांसाठी" या प्रकारच्याच असतात, एकीतही चिपचा पत्ता नसतो:

डी० ०३ ०६ ०० सीबी ४४
डी० ०३ ०६ ०१ ०ए ८४
डी० ०३ ०६ ०२ ४ए ८५
डी० ०३ ०६ ०३ ८बी ४५

सर्वांना लिहूनही प्रत्येकाचा पत्ता वेगळा कसा होतो, हा प्रश्न इथे पडायलाच हवा. पंगतीत ताट पुढे सरकवताना पहिला रिकामा माणूस ते आपल्यापुढे ठेवून घेतो आणि त्यानंतरची ताटे पुढे जाऊ देतो, तसे हे आहे. पत्त्याची वाट पाहणारी चिप आपल्याकडे आलेला पहिला पत्ता घेते, वाट पाहण्याच्या स्थितीतून बाहेर पडते आणि पुढचे पत्ते वरच्या चिपकडे जाऊ देते. त्यामुळे ० ब्रिजकडे राहतो, १ पहिल्या चिपकडे, आणि असेच वर. गरजेपेक्षा एक पत्ता जास्त पाठवला तर तो घ्यायला कोणी उरत नाही. एक कमी पाठवला तर सर्वांत वरची चिप वाट पाहत राहते आणि पुढच्या वाचनात गडबड करते. पत्ता सहा बिटांचा असल्याने ० ते ६३ एवढीच मर्यादा आहे.

पत्ते सलग असणे अनिवार्य आहे. मधला एखादा आकडा "पुढे कधी लागेल म्हणून" मोकळा ठेवू नये. साखळीकडून एकत्रित वाचन करताना प्रत्येक चिप आपल्यापेक्षा एकने मोठ्या पत्त्याच्या चिपचे उत्तर आपल्यामधून खाली गेल्यावरच स्वतःचे उत्तर त्यामागे जोडते. तो पत्ताच अस्तित्वात नसेल तर ती गप्प राहते आणि तिच्याखालच्या सगळ्याच गप्प राहतात.

पायरी चौथी: कोणाची भूमिका कोणती

आता प्रत्येक चिपला साखळीतली तिची भूमिका सांगायची. हे काम कॉम_कंट्रोल, म्हणजे ०३०८ या रजिस्टरचे. त्यातला १ क्रमांकाचा बिट "मी साखळीतली चिप आहे" असे सांगतो आणि ० क्रमांकाचा बिट "माझ्यावर कोणी नाही" असे. आधी सर्वांना साखळीतले म्हणून घोषित करायचे:

डी० ०३ ०८ ०२ ४ई ई५

आणि मग सर्वांत वरच्या चिपला, म्हणजे पत्ता ३ असलेल्या चिपला, दोन्ही बिट द्यायचे:

९० ०३ ०३ ०८ ०३ ५३ ९८

ब्रिज नसेल आणि ० क्रमांकाची बीक्यू७९६१६ बेस असेल, तर या दोहोंच्या मध्ये तिच्या कॉम_कंट्रोलमध्ये शून्य लिहावे लागते, नाहीतर ती स्वतःला साखळीतलीच समजत राहील. अख्ख्या यंत्रणेत एकच चिप असेल तर तीच बेस आणि तीच वरची, म्हणून तिथे ०१.

वरच्या चिपची खूण हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग आहे. एकत्रित वाचनात उत्तराची सुरुवात तीच चिप करते. खूण कोणालाच नसेल तर एकेका चिपचे वाचन नीट येते, पण साखळीचे वाचन कायम वेळ संपून अपयशी ठरते. खूण चुकून २ क्रमांकाच्या चिपला लागली तर ३ क्रमांकाची चिप साखळीच्या वाचनातून नाहीशी होते आणि उरलेल्या दोघींची उत्तरे इतकी स्वच्छ येतात की उत्तरांची संख्या न मोजणाऱ्या कोडला काही बिघडल्याचा पत्ताही लागत नाही.

पायरी पाचवी: फेकून देण्याचे वाचन आणि मग खरी तपासणी

लिहिताना जसा लिहिण्याचा मार्ग जुळवला तसा उत्तर परत येण्याचा मार्गही जुळवावा लागतो. त्याच आठ रजिस्टरांचे, ०३४३ ते ०३४ए, साखळीकडून एकेक वाचन करावे आणि आलेला डेटा सोडून द्यावा. यातली पहिली एक-दोन वाचने बिघडलेली आली तरी काळजी नको, ती त्यासाठीच आहेत. मायक्रोकंट्रोलरचा येणारा बफर मात्र यानंतर रिकामा करायला विसरू नये. तिथे उरलेले बाइट पुढच्या खऱ्या उत्तराच्या आधी चिकटतात आणि सगळी फ्रेम सरकते.

आता प्रत्येक चिपला तिच्या पत्त्याने हाक मारून ०३०६ मधली किंमत विचारावी. पहिल्या चिपसाठी आज्ञा अशी:

८० ०१ ०३ ०६ ०० डी७ ८२

इथला डेटा बाइट ०० म्हणजे "एक बाइट पाठव". वाचनात मागायच्या बाइटची संख्या वजा एक, ही तिथे लिहायची. उत्तर असे यायला हवे:

०० ०१ ०३ ०६ ०१ १७ ९सी

उत्तरातला पहिला बाइट पुन्हा "डेटाची लांबी वजा एक", दुसरा उत्तर देणाऱ्या चिपचा पत्ता, मग रजिस्टर, आणि पाचवा खुद्द वाचलेली किंमत. दुसरा आणि पाचवा बाइट दोन्ही अपेक्षित पत्त्याशी जुळले पाहिजेत. केवळ सीआरसी बरोबर आहे म्हणून उत्तर स्वीकारू नये. याच जोडीला अपेक्षित शेवटच्या पत्त्याच्या पुढच्या पत्त्यालाही, इथे ४ ला, एक हाक मारावी आणि तिथून काहीच उत्तर येत नाही याची खात्री करावी.

सगळे जुळले की पत्ते देताना साचलेल्या चुकांच्या नोंदी ०३३१ आणि ०३३२ या रजिस्टरांत एफएफ लिहून पुसाव्यात. पत्ते देण्यापूर्वी त्या पुसण्यात अर्थ नाही, कारण लय जुळवण्याच्या पायऱ्यांत त्या पुन्हा उमटतात. आणि पुसल्यानंतर काही नोंद परत आली तर ती खरी मानावी.

शेवटची तपासणी एकत्रित वाचनाची. सोळाही सेलचे व्होल्टेज ०५६८ पासून ३२ बाइटांत साठवलेले असतात. साखळीकडून ते मागवले तर प्रत्येक चिपकडून ३८ बाइट येतात: चार सुरुवातीचे, ३२ डेटाचे आणि दोन सीआरसीचे. तीन चिपचे मिळून ११४. त्यांचा क्रम ३, २, १ असा वरून खाली असतो, आणि प्रत्येक चिपच्या उत्तरातही १६ वा सेल आधी येतो. ज्यांच्या पडद्यावर पॅक उलटा दिसतो त्यांनी इथे पाहावे. उत्तरे ओळीतल्या जागेवरून न ओळखता प्रत्येक फ्रेममधल्या पत्त्याच्या बाइटवरून ओळखावीत, म्हणजे एखादी फ्रेम गळाली तरी उरलेल्या भलत्याच मॉड्यूलच्या नावावर जमा होत नाहीत.

काही अडले तर

तपासणीत १ आणि २ उत्तर देतात पण ३ देत नाही, असे दिसले तर २ आणि ३ यांच्यामधली तारांची जोडी आधी पाहावी. दोन तारांची अदलाबदल झालेली असते, किंवा खालच्या चिपच्या वरच्या जोडणीऐवजी तिचीच खालची जोडणी वापरलेली असते. एकही चिप उत्तर देत नसेल तर जागे करण्याच्या संकेताची लांबी लॉजिक अनॅलायझरवर मोजावी. ब्रिज उत्तर देते पण साखळी मुळीच नाही, अशा वेळी २० लिहिल्यानंतरचा थांबा पुरेसा आहे का ते तपासावे.

चालू पॅकमध्ये मधूनच सगळे पत्ते नाहीसे झाले तर कोडमध्ये कोणीतरी पुन्हा जागे करण्याचा संकेत पाठवत आहे का ते शोधावे. जागी असलेल्या चिपलाही तो संकेत मिळाला तर तिचा डिजिटल भाग पूर्ववत होतो आणि पत्ता पुसला जातो. झोपेतून परत आणण्यासाठी वेगळा, २५० ते ३०० मायक्रोसेकंदांचा संकेत आहे, त्याने पत्ते शाबूत राहतात. या दोहोंसाठी एकच फंक्शन वापरण्याचा आळस महागात पडतो.

वलयाची जोडणी आणि उलटे पत्ते

वरच्या चिपपासून ब्रिजपर्यंत एक परतीची तारांची जोडी टाकली तर वलय तयार होते आणि मधली एखादी जोडी तुटली तरी दुसऱ्या बाजूने सर्व चिपपर्यंत पोहोचता येते. त्यासाठी प्रत्येक चिपमध्ये उलट दिशेच्या पत्त्याचे वेगळे रजिस्टर, ०३०७, आहे. ब्रिजच्या कंट्रोल१ मध्ये ८० लिहून तिची दिशा बदलावी, मग "ई० ०३ ०९ ८०" या उलट दिशेच्या आज्ञेने बाकीच्यांची. वरच्या चिपची जुनी खूण सर्वांच्या कॉम_कंट्रोलमध्ये शून्य लिहून पुसावी. मग लय जुळवून सर्वांच्या कंट्रोल१ मध्ये ८१ लिहावे, आणि ०३०७ मध्ये ० पासून पत्ते वाटावेत. पुढची भूमिका आणि तपासणी पूर्वीसारखीच.

आता सर्वांत वरच्या मॉड्यूलचा पत्ता १ होतो आणि सर्वांत खालच्याचा ३. साखळीतल्या चिपची संख्या "न" मानली तर उलटा पत्ता म्हणजे "न" अधिक एक वजा सरळ पत्ता. तीन चिपच्या साखळीत मधल्या चिपचा पत्ता दोन्ही दिशांनी २ च राहतो, त्यामुळे फक्त मधल्या मॉड्यूलवर चाचणी घेतली तर सरळ-उलट पत्त्यांचे हे रूपांतर न करणारा कोडही उत्तीर्ण होतो. चाचणी टोकाच्या मॉड्यूलवर घ्यावी, आणि एका सेलचे व्होल्टेज मुद्दाम वेगळे ठेवून दोन्ही दिशांनी तो त्याच जागी दिसतो का ते पाहावे. तार तुटल्यावर साखळीचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही तुकड्यांना आपापली वरची चिप लागते. १ आणि २ मध्ये तुटले तर सरळ दिशेने १ ही वरची, आणि उलट दिशेने उलटा पत्ता २ असलेली.

पत्ता कायमचा कोरून ठेवावा का?

या चिपमध्ये एकदाच लिहिता येणाऱ्या स्मृतीत पत्ता कोरण्याची सोय आहे आणि त्यामुळे सुरुवातीचे काही मिलिसेकंद वाचतात. माझ्या मते ती सोय वापरू नये. मॉड्यूल बदलले, किंवा दुरुस्तीच्या वेळी दोन मॉड्यूलच्या जागा बदलल्या की कोरलेला पत्ता खोटा होतो आणि तो पुसताही येत नाही. जागेवरून दर वेळी नव्याने दिलेला पत्ता या भानगडीत पडत नाही.

इतर कंपन्यांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. अ‍ॅनालॉग डिव्हाइसेसच्या एलटीसी६८११-१ मध्ये पत्ताच नसतो, साखळीतल्या जागेवरून डेटा आपोआप रांगेत येतो. एलटीसी६८११-२ मध्ये चार पिनांवर पत्ता ठरतो, म्हणून १६ च चिप बसतात. एनएक्सपीच्या एमसी३३७७१ मध्ये मायक्रोकंट्रोलरच्या सर्वांत जवळच्या चिपपासून सुरू करून एकेकीला क्रमांक देत पुढे जातात.

कोणतीही चिप असो, पॅकमध्ये किती मॉड्यूल असायला हवेत हा आकडा मायक्रोकंट्रोलरच्या कायमच्या स्मृतीत ठेवावा आणि पत्ते देऊन झाल्यावर सापडलेल्या चिपची संख्या त्याच्याशी ताडून पाहावी. कमी सापडल्या तर पायरी पहिलीपासून एकदा पुन्हा प्रयत्न करावा. दुसऱ्यांदाही कमीच आढळल्या तर मुख्य काँटॅक्टर (पॅकचा मोठा स्विच) बंद करण्याची, म्हणजे पॅक भाराला जोडण्याची, परवानगी देऊ नये. किती सापडल्या आणि शेवटचा उत्तर देणारा पत्ता कोणता, हे मात्र दोषाच्या नोंदीत जरूर लिहावे, कारण नेमक्या कोणत्या दोन मॉड्यूलमधली तार उघडून पाहायची हे दुरुस्ती करणाऱ्याला त्यावरून कळते.